कातडीनं आवाज करणारं फुरसं

आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटात एक साप राहतो. बऱ्याचदा त्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक टोकदार शिंग असतं. हाडाचं शिंग नव्हे हं, उंच वाढलेला एक खवलाच तो. दिवसा हा गडी वाळूत अंग पुरून पडून राहतो, डोळे आणि शिंगं तेवढी वर. प्राचीन इजिप्तच्या लोकांच्या तो इतका ओळखीचा होता, की त्यांच्या चित्रलिपीत एका अक्षरासाठी त्यांनी ह्याच सापाचं चित्र काढलं.

आता त्याचा आपल्याकडचा भाऊबंद बघू, फुरसं. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला आपला पांढुर्णा जिल्हा. पांढुर्ण्याला जाम नदी, सौंसरकडे कन्हान. संत्र्याचे बगिचे, कपाशीची वावरं आणि मधेमधे मुरमाड, दगडगोट्यांचे माळ. अशी कोरडी, खडकाळ जमीन फुरश्याला फार मानवते. भारतात ते पुष्कळ ठिकाणी आढळतं. त्याला शिंगं नाहीत. लांबी जेमतेम फूट-दीड फूट, रंग मातीचा, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण आणि डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली. दिवसा दगडाखाली, रात्री शिकारीला. विंचू, गोम, पाली, बेडूक, उंदीर, सगळं चालतं.

पण खरी गंमत त्याच्या आवाजात आहे. फुरश्याच्या कुशीवरचे खवले तिरपे बसलेले असतात. प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक उंचवटा, आणि त्या उंचवट्याला करवतीचे बारीक दाते! कुणी जवळ आलं की फुरसं वेटोळी करतं आणि ती एकमेकांवर उलटसुलट घासत राहतं. मग तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चर्रर्र आवाज येतो. तोंड बंद, आवाज चालू. सहारातला शिंगवालाही अगदी अशीच खवल्यांची करवत वाजवतो.

आणि ही घोणस, जिला विदर्भात परड म्हणतात, ती काय करते? छाती भरून श्वास घेते आणि जोरात फुत्कार टाकते. मग फुरसं आणि शिंगवाला, ह्या दोघांनी हा खवल्यांचा खटाटोप का करावा? शास्त्रज्ञांना वाटतं, की ह्याचं उत्तर पाण्यात असावं. उच्छ्वासाबरोबर अंगातली थोडी वाफ बाहेर जाते. जिथं पाण्याचा थेंब महाग, तिथं श्वास न दवडता शत्रूला बजावता आलं तर फायदाच.

आता विषाकडे. तुमचा गुडघा फुटतो तेव्हा रक्त थोड्या वेळानं आपोआप थांबतं. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की त्याचे धागे बनतात, त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गाठ तयार होते. फुरश्याच्या विषात इकॅरिन नावाचा एक घटक असतो. तो जखम नसलेल्या जागीही रक्त गोठवण्याची यंत्रणा सुरू करून देतो. गोठवण्याचं काम भलत्याच जागी, भलत्याच वेगानं चालतं आणि बघताबघता सगळं फायब्रिनोजेन संपून जातं. म्हणजे रक्त गोठवणारं हे विष शेवटी रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतं! विषातले आणखी काही घटक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं.

हे ओळखायची डॉक्टरांची रीत मला फार आवडते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. रोग्याचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं आणि 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलेलं असलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात काम करतंय.

त्यावर उतारा म्हणजे प्रतिविषाची सलाईन. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचत गेलं की त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रथिनं तयार होतात. ती वेगळी काढून औषध बनवतात. मुंबईतही हाफकिन संस्थेत ते बनत आलं आहे. भारतातलं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकत्र चालतं. त्यामुळे साप चावला तर घट्ट दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, चोखायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. रात्री बगिच्यात जाताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच. धुऱ्यावरच्या दगडांत हात घालायचा तर आधी काठीनं दगड हलवून बघा.

आणखी एक नवल. आफ्रिकेतही फुरशी आहेत, पण त्यांच्या दंशावर आपलं औषध नीट लागू पडत नाही. जात थोडी बदलली की विषही बदलतं. पिल्लांचंही तसंच: तिकडची फुरशी अंडी घालतात, आपलं फुरसं मात्र थेट जिवंत पिल्लांना जन्म देतं. चार-पाच इंचांची ती पिल्लं पहिल्या दिवसापासून विषारी असतात.

फुरश्याच्या ह्याच विषात एकिस्टॅटिन नावाचं चिमुकलं प्रथिन सापडलं. ते रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना अभ्यासली आणि तिच्या धर्तीवर टायरोफिबान हे औषध घडवलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ होऊन छातीत कळ आलेल्या रोग्यांना डॉक्टर आज ते शिरेतून देतात.