एक्सेल्सियर महाविद्यालयाची परिचर्या पदवी

अमेरिकेतील ऑल्बनी (न्यूयॉर्क राज्य) येथील एक्सेल्सियर महाविद्यालयाचा असोशिएट परिचर्या पदवी अभ्यासक्रम हे दूरशिक्षणाने आणि स्वतःच्या गतीने पूर्ण करावयाच्या व्यावसायिक शिक्षणाचे बहुचर्चित उदाहरण आहे. २०२२ पासून ही संस्था एक्सेल्सियर विद्यापीठ या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्याचे शिक्षण आयुक्त इवाल्ड नायक्विस्ट यांनी १९७० मध्ये बहिःस्थ पदवीची कल्पना मांडली व १९७१ मध्ये राज्याच्या रीजंट्स मंडळाने ती अमलात आणली. ज्ञान कोठे मिळवले यापेक्षा ते मिळाले आहे की नाही हे तपासावे, हा त्यामागील विचार होता. परिचर्येसारख्या हस्तकौशल्याच्या विषयाला तो लागू करणे हे त्या काळी धाडसाचेच होते. डॉ. कॅरी लेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली परिचर्येची मूल्यमापन पद्धती आकाराला आली. १९९८ मध्ये संस्था स्वतंत्र झाली आणि २००१ मध्ये तिला एक्सेल्सियर हे नाव मिळाले.

विद्यार्थी व अध्ययन

हा अभ्यासक्रम नवख्यांसाठी नव्हता. नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या कनिष्ठ परवानाधारक परिचारिका, रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक, सैन्यातील वैद्यकीय साहाय्यक अशा नोकरी व घर सांभाळणाऱ्या मंडळींसाठी तो होता. वर्गात उपस्थितीची अट नसे. विद्यार्थी घरी पुस्तके वाचून, तयारी झाली असे वाटेल तेव्हा एकेका विषयाची परीक्षा देत असे. कोणी लवकर मोकळे होई, कोणाची वर्षे जात. वेळापत्रक लावून देणारे कोणी नसल्याने अर्ध्यावर थांबण्याचा धोकाही मोठा होता.

प्रात्यक्षिक परीक्षा

अनेक वर्षे या पदवीचा कस प्रत्यक्ष रुग्णालयात, साधारण अडीच दिवसांत घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत लागत असे. सलाईनचे थेंब दर मिनिटाला किती पडावेत याचे गणित, इंजेक्शन देणे, निर्जंतुक हातमोजे घालून जखमेचे ड्रेसिंग करणे ही कामे आधी प्रयोगकक्षात करावी लागत. त्यानंतर खऱ्या रुग्णांची, प्रौढ तसेच बालरुग्णांचीही, सेवा परीक्षकाच्या नजरेखाली करावी लागे. काही कृती अत्यावश्यक ठरवलेल्या होत्या. त्यांतील एक जरी राहिली, तरी त्या रुग्णापुरता विद्यार्थी अनुत्तीर्ण होई. बाकीचे काम कितीही चांगले असले तरी त्याचे गुण मिळत नसत. पुनर्संधी मोजक्याच होत्या. नेहमीच्या महाविद्यालयात जे वर्षभरात हळूहळू जोखले जाते, ते येथे शनिवार-रविवारच्या सुट्टीत ठरत असे, आणि म्हणूनच विद्यार्थी या परीक्षेला सर्वाधिक घाबरत.

मान्यतेचा प्रश्न

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिकेसाठी एनक्लेक्स ही परीक्षा देशभर एकच असली, तरी परवाना देणारी मंडळे राज्यागणिक वेगळी आहेत. कॅलिफोर्नियाच्या मंडळाचा आक्षेप मूलगामी होता. सिद्धान्त आणि देखरेखीखालील रुग्णसेवा ही दोन्ही सोबतच शिकवली गेली पाहिजेत. शेवटी घेतलेली परीक्षा, ती कितीही कठोर असो, त्या शिकवणीची जागा घेऊ शकत नाही, अशी त्याची भूमिका होती. ६ डिसेंबर २००३ नंतर प्रवेश घेतलेल्यांची ही पदवी तेथे परवान्यासाठी ग्राह्य धरली जात नाही. आणखी काही राज्यांनी पदवीनंतर ठरावीक तासांच्या प्रात्यक्षिकाची अट घातली. त्यामुळे एका राज्यात नोंदणीकृत असलेली परिचारिका पतीच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेली, तर तेथे तिला काम नाकारले जाणे शक्य होते. प्रवेशापूर्वी आपल्या राज्याच्या मंडळाचा नियम पाहणे म्हणूनच अभ्यासाइतके महत्त्वाचे होते.

भारतातील स्थिती

भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम सुरू केला. तो आधीच पदविका घेऊन नोंदणी झालेल्या, सेवेतील परिचारिकांसाठी आहे, आणि त्यांनाही नेमून दिलेल्या केंद्रांवर जाऊन प्रात्यक्षिके पूर्ण करावी लागतात.