उत्तर येत होते, प्रश्न कळला नाही

आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. ऑफिस सुटले की मी तिथे मुलांना घेऊन बसतो. सहामाहीनंतर आठवीतल्या एका मुलीने इतिहासाची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. प्रश्न होता, 'महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची कारणे लिहा.' पोरीने पान भरून लिहिले होते. 20 मार्च 1927 चा दिवस, तळ्याकडे निघालेली माणसे, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेले पाणी. आजीच्या तोंडून ऐकलेले सारे त्यात होते. गुण मात्र चारपैकी एक.

"सर, यात चुकलं काय?" तिने विचारले.

चुकीचे काहीच नव्हते. विचारले होते 'का घडले' आणि तिने लिहिले होते 'काय घडले'.

पालकांनो, आपल्या मुलांचे गुण असे किती ठिकाणी जात असतील? पोरगी ढ नाही. धडा तिला पाठ आहे. पण 'कारणे लिहा', 'वर्णन करा', 'तुलना करा', 'टीप लिहा' या शब्दांत काय फरक आहे, हे तिला कुणी बसवून सांगितलेच नव्हते. घरी आपण "का गं उशीर झाला?" असे विचारतो. 'विलंबाची कारणे स्पष्ट करा' असे कुठली आई म्हणते? ज्या घरात दोन-तीन पिढ्या वाचणाऱ्या आहेत, तिथे हे शब्द येता-जाता कानावर पडतात. आपल्याकडे पुष्कळ मुलांना ते पहिल्यांदा भेटतात ते प्रश्नपत्रिकेतच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर महाडचाच विषय घेतला. 'वर्णन करा' म्हटले तर तिने लिहिलेले पान पुरेसे आहे. 'कारणे' म्हटले की मागे जायचे. 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले. पण घागर बुडवायची सोय नव्हती. हक्क कागदावर आणि पाणी तळ्यात, हे झाले कारण. 'परिणाम' म्हटले की पुढे यायचे. त्याच वर्षीची 25 डिसेंबरची महाडची परिषद आणि मनुस्मृतीचे दहन, तसेच 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने दिलेला निकाल. 'तुलना करा' म्हटले तर शेजारी 1930 चा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह ठेवायचा आणि सारखे काय, वेगळे काय, दोन्ही लिहायचे. पुष्कळ मुले नुसते वेगळे काय तेवढेच लिहितात. माहिती तीच, पण शब्द बदलला की उत्तर बदलते.

हे शब्द प्रश्नपत्रिकेत सहज पडलेले नसतात. शिक्षक पेपर काढण्यापूर्वी एक तक्ता करतात. त्याला 'संविधान तक्ता' म्हणतात. (नाव ऐकून मीही पहिल्यांदा चमकलो होतो!) ज्ञानावर किती गुण, आकलनावर किती, उपयोजनावर किती, हे त्यात ठरते. ही विभागणी अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली केलेल्या मांडणीवरून आली. 'सांगा' हे ज्ञानाचे, 'स्पष्ट करा' हे आकलनाचे. गाईडमधून पाठ केलेले उत्तर पहिल्या ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी उघडे पडते.

गणितातही तेच. एक मुलगा 'दसादशे 10 दराने 500 रुपयांचे 2 वर्षांचे सरळव्याज काढा' या प्रश्नापुढे पेन ठेवून बसला होता. त्याची आई बचत गटात आहे. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस, हा हिशेब ती भाकरी थापताना करते. दसादशे म्हणजे दर साल दर शेकडा, एवढे सांगताच पोराने शंभर रुपये उत्तर काढले. 'अनुक्रमे' या शब्दाने तर मी शहाण्या पोरांना अडकलेले पाहिले आहे. ज्या ओळीने नावे, त्याच ओळीने आकडे, एवढाच त्याचा अर्थ.

यासाठी क्लासची फी लागत नाही. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, प्रश्नातल्या सांगणाऱ्या शब्दाखाली मुलाला रेघ मारायला लावा आणि लिहिण्यापूर्वी एकच विचारा, "यात तुला करायला काय सांगितलंय?" हे विचारायला आई शिकलेली असावी लागत नाही. मुलाने घरच्या भाषेत सांगितले, की शब्द कळला. सुरुवात घरातल्याच गोष्टीने करावी. ज्वारीची भाकरी आणि गव्हाची चपाती यांची तुलना आमच्या वर्गात अर्धा तास रंगली होती.

आता वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. अडलेला शब्द ज्याला सापडेल त्याने तो लिहायचा आणि शेजारी अर्थ आपल्या बोलीत. गेल्या आठवड्यात त्याच मुलीने 'सकारण' हा शब्द लिहिला. पुढे तिच्या अक्षरात आहे, "का ते सांगून. नुसतं हो-नाही नको."