गाडीची टाकी बदलताना कळलं : पेट्रोलचा काटा खोटं का बोलतो?

फोन १५ टक्क्यांवर असताना अचानक बंद पडलाय कधी? पडला असेलच. आपण म्हणतो, 'बॅटरी खोटं बोलते.' खरं तर बॅटरी काहीच बोलत नाही. बोलते ती फोनमधली एक छोटी चिप. गंमत म्हणजे इंजिनिअर लोक त्या चिपला 'फ्युएल गेज' म्हणतात, म्हणजे पेट्रोलचा काटा!

मी सॉफ्टवेअरवाला. हा शब्द मला माहीत होता, पण त्याचा खरा अर्थ कळला तो गेल्या पावसाळ्यानंतर, वसईत एका स्पोर्ट्स कारची पेट्रोलची टाकी बदलताना. त्याच कामात अजून एक गोष्ट कळली : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हा लेख या दोन्ही गोष्टींबद्दल आहे.

आधी गाडीबद्दल थोडं

भुईगावला आमच्या शेजारी एक अंकल राहतात. त्यांनी २००४ च्या आसपास हौसेने स्वतः एक गाडी जोडली. लांब नाक, दोन सीट, छप्पर नाही, चाकं बॉडीच्या बाहेर. ही 'लोटस सेव्हन' या ब्रिटिश गाडीची प्रतिकृती. मूळ सेव्हन १९५७ साली आली आणि ती सुट्या भागांच्या किटमध्येही मिळायची, कारण तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर लागणारा खरेदी कर किटवर लागत नसे. माणसं घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडायची. १९७३ पासून केटरहॅम ही कंपनी तीच गाडी बनवते. आपल्याकडेही अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर बनवली होती, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन लावून.

अंकलची गाडी मात्र कुठल्या कंपनीची नाही. पाइपची फ्रेम, जुन्या गाडीचं इंजिन आणि फायबरची बॉडी. नोंदणी नसल्यामुळे ती रस्त्यावर जात नाही, वाडीच्या आत दोन फेऱ्या मारते आणि परत गॅरेजमध्ये. गॅरेज घराला चिकटून आहे आणि तिथेच घरचा इन्व्हर्टरही आहे.

पावसाळा संपता संपता आंटी म्हणाल्या, "रात्री घरात पेट्रोलचा वास येतो."

टाकी मऊ पडली होती

आम्ही गाडीचा मागचा भाग उघडला. टाकी फायबरची होती. पूर्वी होड्यांना फायबर मारणाऱ्या एका कारागिराकडून अंकलनी ती बनवून घेतली होती. काम उत्तम होतं, वीस वर्षं टिकलंही. पण आता खालच्या कडेला हात लावला तर पृष्ठभाग चिकट लागत होता. नखाने दाबलं तर खूण उठत होती.

दोष कारागिराचा नव्हता. पेट्रोल बदललं होतं.

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२० पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूमध्ये जाहीरपणे आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. नव्या गाड्यांचे भाग त्या हिशोबाने बनतात. २००४ साली वाडीत बनलेली टाकी कशी बनणार?

इथेनॉल दोन गोष्टी करतं.

पहिली : फायबरच्या वस्तूत काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारं जे रेझिन असतं, त्यातल्या साध्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल हळूहळू मऊ करतं. अमेरिकेत २००० च्या दशकात पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं, तेव्हा जुन्या बोटींच्या फायबर टाक्यांचं हेच झालं. विरघळलेलं रेझिन इंजिनापर्यंत गेलं आणि व्हॉल्व्हवर काळा चिकट थर बसला.

दुसरी : इथेनॉल पाणी ओढून घेतं. हवेतला ओलावा त्यात मिसळतो. थोडं पाणी असेल तर ते इंजिनात जळूनही जातं, काही बिघडत नाही. पण प्रमाण वाढलं तर पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळी तळातूनच पेट्रोल उचलते. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं, तिला फारसा त्रास नाही. वसईच्या दमट हवेत चार महिने अर्धी टाकी घेऊन उभ्या राहणाऱ्या गाडीला आहे.

"याला मी टॉर्च लावणार नाही"

अंकलचा पहिला विचार : आतून फायबरचा नवा थर मारू. पण जुनं रेझिनच मऊ पडलंय, त्यावर नवा थर धरणार नाही. तो विचार सोडला.

दुसरा विचार : भंगारात एका जुन्या गाडीची पत्र्याची टाकी मिळाली होती, साधारण ४० लिटरची. ती कापून, लहान करून वेल्डिंग मारायची. टाकी उन्हात दोन दिवस उघडी ठेवली, पाण्याने धुतली. मला तर वासही येत नव्हता. आम्ही ती वालीवच्या एका गाळ्यात घेऊन गेलो.

वेल्डिंगवाल्याने झाकणाच्या जागी नाक नेलं आणि टाकी परत माझ्या हातात दिली. "पेट्रोलची आहे ना? याला मी टॉर्च लावणार नाही. नवीन बनवून देतो."

मला वाटलं, नवीन काम मिळवायचंय म्हणून बोलतोय. घरी येऊन हिशोब केला आणि घाम फुटला.

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ती वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर आणि वाफ थोडी, म्हणजे नेमकं धोक्याचं मिश्रण. ४० लिटरच्या टाकीत १.४ टक्के वाफ व्हायला किती पेट्रोल लागतं? माझ्या हिशोबाने जेमतेम दोन मिलिलिटर. अर्धा चमचा! तेवढं तर पत्र्याच्या दुमडीत, सांध्यात, गंजाखाली सहज लपून बसतं. पाण्याने ते निघत नाही, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की त्याची वाफ होते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता खाली साचते.

म्हणजे वास येत नाही याचा अर्थ टाकी सुरक्षित आहे असा नाही. पेट्रोल राहून गेलेल्या टाकीला, मग ती बाइकची का असेना, घरी किंवा कोपऱ्यावर वेल्डिंग मारू नका. अशा कामाची खास पद्धत आणि साधनं असणारा माणूसच ते करू शकतो. तो गाळेवाला नाही म्हणाला नसता, तर आम्ही दोघं त्याच्या शेजारीच उभे राहणार होतो.

टाकी म्हणजे नुसता डबा नाही

मग नवीन टाकी बनवायला दिली. एसएस ३०४ चा दीड मिलिमीटर पत्रा, आर्गन वेल्डिंग. रुंदी ६० सेंमी, लांबी ३०, उंची २०. म्हणजे ३६ लिटर. पण मागच्या ॲक्सलला जागा हवी म्हणून मागचा तळ तिरका कापावा लागला, त्यात साडेचार लिटर गेले. उरले साडेएकतीस. डिझाइन करताना चार गोष्टी शिकलो.

आतले पडदे : अर्ध्या टाकीत साधारण १२ किलो पेट्रोल असतं. वळणावर ते सगळं एका बाजूला धावतं, नळी कोरडी पडते आणि इंजिन आचके देतं. म्हणून आत दोन आडवे पडदे टाकले. खालच्या कोपऱ्यांत भोकं ठेवली, म्हणजे पेट्रोल जातं पण सावकाश जातं.

श्वास : पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. नाहीतर आत निर्वात तयार होतो, पंपावर ताण येतो आणि पातळ टाकी चेपूही शकते. त्यासाठी वेगळी नळी असते. ती वर चढवून, गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावून, सायलेन्सरपासून लांब बाहेर काढायची.

पकड : टाकी फ्रेमला थेट बोल्टने घट्ट आवळली तर फ्रेम पिळली की वेल्डिंग तडकतं. म्हणून खाली रबर आणि वरून पट्टे.

अर्थिंग : पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते. भरायचं तोंड आणि टाकी यांच्यात रबराचा पाइप असल्याने वीज अडकते. एक साधी वायर तोंडाला, टाकीला आणि फ्रेमला जोडली की ठिणगीचा धोका कमी होतो. पाइपही बदलले, इथेनॉल सहन करणारे 'एसएई जे३० आर९' छापाचे.

गळती तपासताना कॉम्प्रेसर लावायचा नाही. फक्त ०.१ बार दाब दिला तरी ६० बाय ३० च्या एका बाजूवर साधारण १८० किलो वजनाइतका जोर येतो. आम्ही सायकलच्या पंपाने हळू हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका कोपऱ्यात बुडबुडे आले. टाकी अजून कोरी, पेट्रोल न पाहिलेली होती, त्यामुळे तिथे परत वेल्डिंग मारता आलं.

आता काट्याची गोष्ट

टाकीत एक दांडी असते, तिच्या टोकाला तरंगणारा बोंडा. पेट्रोल कमी झालं की बोंडा खाली येतो, दांडी फिरते आणि विजेचा रोध बदलतो. काटा फक्त तो रोध दाखवतो. जगात याची वेगवेगळी मापं आहेत. एका प्रचलित युरोपीय प्रकारात रिकाम्याला १० ओहम आणि भरलेल्याला १८०, तर अमेरिकी प्रकारात रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. दोघांची सरमिसळ केली की काटा उलटा चालतो. पेट्रोल संपत जातं आणि काटा 'फुल'कडे!

आमची जोडी जुळलेली होती, तरी आकडा चुकत होता. कारण सोपं आहे. बोंड्याला उंची कळते, लिटर कळत नाहीत. आमच्या टाकीचा तळ तिरका. पेट्रोल पाच सेंमी उंच असेल तर काटा म्हणतो पाव टाकी, पण आत असतात ५.६ लिटर, म्हणजे १८ टक्केच. दहा सेंमीला काटा म्हणतो अर्धी, खरं तर ४३ टक्के.

उपाय माझ्या कामाचा निघाला. दांडी टाकीत बसवण्याआधी पट्टीशेजारी धरली, दर सेंटिमीटरला मल्टिमीटरवर रोध मोजला. कुठल्या उंचीला किती लिटर हे आकारावरून काढता येतं. दोन्ही जोडून एक तक्ता केला आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरवर टाकला. रोध आला की तो तक्त्यात बघतो आणि लिटर सांगतो. नंतर धातूच्या कॅनने मोजून दहा लिटर पेट्रोल ओतलं. स्क्रीनवर आलं ९.६.

तुमच्या फोनमध्येही असंच चालतं. बॅटरीत किती वीज उरली हे थेट दिसत नाही. चिप व्होल्टेज बघते, आत-बाहेर जाणारा करंट मोजते आणि तक्त्यावरून टक्के काढते. बॅटरी जुनी झाली की तिची खरी क्षमता घटते, व्होल्टेज पटकन पडतो आणि अंदाज मागे राहतो. म्हणून १५ टक्क्यांवर फोन झोपतो. टक्के हे मोजमाप नसतं, अंदाज असतो.

तुमच्या बाइक-स्कूटरसाठी

- गाडी ई-२० साठी आहे का, ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर बघा.
- मायलेज थोडं कमी वाटलं तर लगेच मेकॅनिकवर संशय नको. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.
- गाडी महिनोन् महिने उभी ठेवणार असाल तर अर्धवट टाकी आणि दमट हवा हे जोडपं टाळा.
- बंद जागेत पेट्रोलचा वास आला तर आधी दारं उघडा. त्या जागेतलं कुठलंही बटण, चार्जर किंवा इन्व्हर्टर चालू-बंद करू नका. मग गळती शोधा.

जुनी फायबरची टाकी आता गॅरेजबाहेर पडून आहे, तोंड उघडं ठेवून. अंकल म्हणाले, "कापून त्यात झाडं लावूया." मी म्हटलं, "लावूया. पण ग्राइंडर नको, अंकल. ठिणगी उडायला ग्राइंडरही पुरतो." ते हसले आणि हाताने चालवायची करवत शोधायला आत गेले. मी त्यांना परत बोलावलं आणि म्हटलं, अजून थोडे महिने थांबूया.