विश्लेषण : टेरी प्रॅचेट यांचे अप्रकाशित लेखन रोलरखाली का चिरडले?

लेखक गेल्यानंतर त्याच्या कपाटातून नवी पुस्तके निघतात, हा प्रकाशन व्यवसायाचा नेहमीचा अनुभव. ब्रिटिश अद्भुतकथाकार टेरी प्रॅचेट यांनी मात्र ती वाटच बंद केली.

नेमके काय घडले?

२५ ऑगस्ट २०१७ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट येथील वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत प्रॅचेट यांची हार्ड डिस्क साडेसहा टनी जुन्या रोलरखाली ठेवण्यात आली. तीत सुमारे दहा अपूर्ण कादंबऱ्या असल्याचे सांगितले जाते. रोलर अनेकदा फिरवूनही डिस्क पुरती मोडेना. अखेर ती दगड फोडण्याच्या यंत्रात घालावी लागली. प्रॅचेट यांचीच ही इच्छा होती. ती पूर्ण केली त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी.

प्रॅचेट कोण होते?

जन्म १९४८ चा. शाळा अर्धवट सोडून ते सतराव्या वर्षी स्थानिक वृत्तपत्रात वार्ताहर झाले. पुढे वीज मंडळात अणुवीज केंद्रांचे जनसंपर्क अधिकारी! १९८३ मध्ये ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका सुरू झाली. महाकाय कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर तोललेली सपाट पृथ्वी. भारतीय वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. या जगात चेटकिणी, जादूगार आहेत. पण विनोदाचा रोख बँक, पोलीस, टपाल खाते, वृत्तपत्रे यांच्यावर. मालिकेच्या ४१ कादंबऱ्या झाल्या.

आजाराने काय बदलले?

डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी अल्झायमरचा दुर्मीळ प्रकार झाल्याचे जाहीर केले. यात मेंदूचा दृश्य समजून घेणारा भाग आधी खालावतो. समोरची अक्षरे लागेनात, टंकलेखन जमेना. मग ते विल्किन्स यांना आणि आवाज ओळखणाऱ्या संगणकाला मजकूर सांगू लागले. अशा स्थितीतही त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. संशोधनासाठी १० लाख डॉलर दिले. १२ मार्च २०१५ रोजी, ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तरीही नष्ट करण्याचा हट्ट का?

उत्तर त्यांच्या पहिल्या पुस्तकात सापडते. ‘द कार्पेट पीपल’ १९७१ चे. ते पुन्हा काढायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते नव्याने लिहून १९९२ मध्ये छापले. छापलेलेही ज्याला कच्चे वाटते, तो अर्धवट खर्डा दुसऱ्याच्या हाती कसा देईल? टोल्किन यांचे ‘द सिल्मरिलियन’ मुलाने सिद्ध केले, रॉबर्ट जॉर्डन यांची मालिका ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केली. वाचक दोन्ही ठिकाणी सुखावले, हे खरेच. प्रॅचेट यांची लेखिका कन्या रियाना यांनी मात्र ‘डिस्कवर्ल्ड’ पुढे न नेण्याचे ठरवले.

मग २०२३ चे पुस्तक कोणते?

‘अ स्ट्रोक ऑफ द पेन’मधील कथा त्यांनी तरुणपणी टोपणनावाने वृत्तपत्रात छापल्या होत्या. चाहत्यांनी जुन्या अंकांतून त्या शोधून काढल्या. वृत्तपत्राच्या फायलींवरून रोलर कोण फिरवणार?