मान, सुई आणि तुंबडी

दिंडोरी-निफाड भागातल्या द्राक्षबागांत घडांची विरळणी सुरू झाली की मजुरांना मांडवाखाली उभे राहून, मान मागे टाकून आणि हात डोक्याच्या वर धरून दिवसभर काम करावे लागते. संध्याकाळी मान धरली नाही तरच नवल! उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांची मान उलट दिशेला वाकलेली असते, एवढाच फरक. हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणते. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत क्ष-किरण चित्रातही ठोस कारण सापडत नाही. मग माणूस मिळेल तो उपचार करून पाहतो. सुया टोचण्याचे ॲक्युपंक्चर, पेले चिकटवण्याचे कपिंग आणि गुळगुळीत कडेने कातडी खरवडण्याचे ‘ग्वा शा’ हे चिनी उपचार त्यांतलेच.

यांतले सगळेच आपल्याला परके नाही. वैदू मंडळी तुंबडी लावत, ते कपिंगच. सुश्रुतसंहितेत तर आत दिवा ठेवलेला भोपळा लावण्याचे वर्णन आहे. ज्योत विझून आतली हवा थंड झाली की तिचा दाब घटतो आणि कातडी आत ओढली जाते. जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून पाणी वर चढवण्याचा प्रयोग शाळेत आपण करतोच. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसह १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. बिजॉय कुमार बसू होते. पुढे त्यांनी चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्यात रुजवले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला आहे. मात्र कायद्याची मान्यता वेगळी आणि उपचाराचा गुण सिद्ध होणे वेगळे.

‘मला तर गुण आला,’ हा पुरावा का चालत नाही? वर्गात एक प्रयोग करून पाहा. ६० विद्यार्थ्यांना एकेक फासा टाकायला सांगा. ज्यांना ५ किंवा ६ पडेल ते ‘रुग्ण’. असे साधारण २० जण निघतील आणि त्यांची सरासरी ५.५च्या आसपास असेल. त्यांना घोटभर पाणी ‘औषध’ म्हणून पाजा आणि पुन्हा फासे टाकायला लावा. सरासरी ३.५च्या जवळ येईल. म्हणजे दुखणे छत्तीस टक्क्यांनी कमी झाले! जुनाट मानदुखीही अशीच चढते-उतरते आणि ती सर्वांत चढलेली असते तेव्हाच माणूस उपचाराला जातो. पुढे उतार पडला की श्रेय उपचाराला मिळते. म्हणून रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. फाशांचा हा खेळ मग दोन्ही गटांत सारखाच चालतो आणि उरलेला फरक उपचाराचा मानता येतो.

खरी अडचण यापुढे आहे. गोळीची चाचणी घेताना खडूच्या भुकटीची तशीच गोळी देता येते. सुई टोचली की नाही हे मात्र रुग्णाला कळणारच. यावर १९९८ साली जर्मनीतल्या श्ट्राइटबेर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी बोथट टोकाची सुई काढली. नाटकातल्या खंजिरासारखी ती मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते, पण ती आत शिरत नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी वेगळी युक्ती केली. मानदुखीच्या १३५ रुग्णांपैकी काहींना सुया टोचल्या, तर काहींना निकामी केलेले विद्युत् यंत्र जोडले. दुखणे मोजायला १०० मिलिमीटरची रेघ होती. तिचे एक टोक म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दुसरे म्हणजे असह्य वेदना. रुग्णाने मध्ये खूण करायची. २००४ साली निष्कर्ष आला. दोन्ही गटांना बराच आराम पडला होता. सुयांचा गट सुमारे ६ मिलिमीटरने पुढे होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, तरी रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही, असे संशोधकांनीच नोंदवले.

याउलट ब्रिटनमध्येच ५१७ रुग्णांवर झालेली २०१५ची चाचणी पाहा. तिथे नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्यांची प्रकृती वर्षानंतरही नुसत्या नेहमीच्या उपचारांवरच्या गटापेक्षा थोडी चांगली होती. मात्र शरीर तोलून धरायला शिकवणाऱ्या अलेक्झांडर पद्धतीनेही जवळजवळ तेवढाच लाभ दिला. मग गुण सुईचा की कोणीतरी तासन्‌तास आपुलकीने लक्ष दिल्याचा? या चाचणीत आभासी सुयांचा गट नव्हता, त्यामुळे तिच्यावरून हे ठरवता येत नाही. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

‘ग्वा शा’चे उदाहरण तर आकड्यांना भुलू नये यासाठी मुद्दाम शिकवावे असे आहे. जर्मनीत ४८ रुग्णांपैकी निम्म्यांची मान एकदा खरवडली, उरलेल्यांना शेकण्याच्या पिशव्या दिल्या. आठवड्यानंतर त्या रेघेवरचा फरक जवळजवळ ३० मिलिमीटर! पण कातडीवर लाल चट्टे उठलेल्या माणसाला आपल्याला ‘जोरदार’ उपचार मिळाला हे दिसत असते आणि पिशवी मिळालेला मनातून खट्टू झालेला असतो. शिवाय मोजणी फक्त आठवड्याची; जुनाट दुखण्याला आठवडा म्हणजे काहीच नव्हे. तुंबडीबाबत २०१३च्या चाचणीत ६१ जणांना १२ आठवडे घरीच पेले लावणे किंवा स्नायू सैल सोडण्याचा सराव यांपैकी एक करायला दिले. दुखणे दोन्हीकडे उतरले, सारखेच. पुढे अंगदुखीच्या फायब्रोमायाल्जिया या विकारात बारीक भोके पाडलेले पेले वापरून पाहिले, म्हणजे पेला लागतो पण दाब टिकत नाही. त्या पेल्यांपेक्षाही खरे पेले सरस ठरले नाहीत.

हे सारे रुग्ण युरोपातले होते. विरळणी करणारी बाई उपचार घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडवाखाली उभी राहते, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. नाशिकमध्ये १९९८पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि बागा तासाभराच्या अंतरावर आहेत. चिठ्ठ्या टाकून मजुरांचे दोन गट करायचे. एकाला सुया, दुसऱ्याला सरकत्या बोथट सुया. तिसरा गटही हवा. त्याला सुया नकोत, फक्त दर तासाला दहा मिनिटे मान खाली घेऊन बसायची परवानगी, मजुरी न कापता.