पळणारा नेमका कुठे आहे?

दोन गावांतली दोन मुले संगणकावर शिवाशिवीचा एकच खेळ खेळत आहेत. एकीच्या पडद्यावर गडी हाती लागला. दुसऱ्याच्या पडद्यावर तो निसटला. खरे कोणाचे? गोडो या मोफत मिळणाऱ्या गेम इंजिनवर असा खेळ रचताना विद्यार्थ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. चित्रे, उड्या, टक्कर हे इंजिन सांभाळते. निवाड्याची रीत आपण ठरवायची.

मूळ अडचण भौतिकशास्त्राची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला निदान ७२ मिलिसेकंद हवेत. केबल वळणावळणाने जाते, तेव्हा जास्तच.

म्हणून एका संगणकाला, सर्व्हरला, पंच नेमतात. ‘मी इथे आहे’ असे खेळाडूने सांगायचे नाही (लबाडीला तेवढे पुरते!), ‘उजवी कळ दाबली’ एवढेच कळवायचे. १९९६ च्या जूनमधला ‘क्वेक’ असाच चाले. पण मोडेमवर खेळताना कळ दाबली तरी पाऊल पडायला उशीर होई. जॉन कार्मॅक यांनी त्याच डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये तोड काढली. खेळाडूच्या संगणकाने अंदाजाने पाऊल लगेच टाकावे. पंचाचा निकाल वेगळा आला, तर त्या जागी परतून नंतरच्या कळा पुन्हा हिशेबात घ्याव्यात.

संगणक नसला तरी हे वर्गात करून पाहता येईल. दोघांना फळ्याच्या दोन टोकांना पाठमोरे उभे करा, मध्ये पंच बसवा, आणि चिठ्ठ्या मुद्दाम सावकाश पोहोचवा.