दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झालेली आजी
जुन्या जनगणनेतल्या चुका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयर्लंडच्या १९०१च्या जनगणनेत ५८ वर्षांची असलेली बाई १९११च्या जनगणनेत ७२ वर्षांची निघते. नाव तेच, गाव तेच, मुलं तीच. असं कोडं पुढ्यात आलं की घराण्याचा इतिहास शोधणारा माणूस एकतर या दोन वेगळ्या बायका धरतो, नाहीतर लिहिणाऱ्याला बेफिकीर ठरवून मोकळा होतो. दोन्ही उत्तरं बहुधा चुकीची असतात.

मधल्या दहा वर्षांत घडलं होतं ते असं. ब्रिटिश संसदेनं १९०८ साली वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पैसे मिळू लागले. आयर्लंडमध्ये मात्र सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ साली. त्यामुळे सत्तरीच्या आसपासच्या कुणाकडेच जन्मदाखला असण्याचा प्रश्न नव्हता. आपलं वय नक्की किती, हे अनेकांना खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते थोडं वाढवून सांगण्यात आता फायदा होता. दोन जनगणनांमधल्या वयांच्या उड्या तिथे घरोघरी दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

जुन्या जनगणनेतली नोंद म्हणजे कुणीतरी, कुणाला तरी, एका ठरावीक दिवशी दिलेलं उत्तर असतं. उत्तर कुणी दिलं, लिहिलं कुणी आणि प्रश्न नेमका काय होता, एवढं तपासलं की बऱ्याच ‘चुका’ आपोआप उलगडतात. न तपासता पुढे गेलं, तर पुढचे गैरसमज वाट अडवतात.

गैरसमज : भारतातल्या जुन्या जनगणनेत पणजोबांचं नाव सापडेल.

वस्तुस्थिती : भारतात पहिली जनगणना १८७२ची आणि देशभर एकाच वेळी घेतलेली पहिली १८८१ची मानतात. पण त्यातून आज आपल्या हाती उरलेत ते तक्ते : गावांची लोकसंख्या, धर्म, भाषा, व्यवसाय, आणि १९३१पर्यंत जातवार आकडे. माणसामाणसाची नोंद त्यांत नाही. शिवाय १९४८च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इथल्या शोधासाठी जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, फेरफार, वारसनोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर हेच कागद कामाला येतात.

नावनिशीवार जुनी जनगणना ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका अशा देशांत पाहायला मिळते. इंग्लंडमध्ये ती शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी खुली होते. इंग्लंडची १९२१ची जनगणना जानेवारी २०२२मध्ये खुली झाली, अमेरिकेची १९५०ची त्याच वर्षी १ एप्रिलला. घरात परदेशी सून किंवा जावई आलेल्या मराठी कुटुंबांतही नातवंडांची वंशावळ मांडताना हे कागद आता उघडले जातात.

गैरसमज : सरकारी कागदावर आहे म्हणजे वय खरंच असणार.

वस्तुस्थिती : कधीकधी वय चुकीचं लिहिण्याची सूचना सरकारनंच दिलेली असते. इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावं, असं प्रगणकांना सांगितलं होतं. म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० वर्षांचा होतो. काहींनी ही सूचना पाळली, काहींनी पाळली नाही. म्हणून त्या वर्षी ‘३०’ दिसलं तर ३० ते ३४ असं वाचायचं. १८५१पासून नेमकं वय विचारलं गेलं. तेव्हा दहा वर्षांत चौदा वर्षांची वाढ झालेली दिसली तरी ती नुसती या दोन रीतींमधली तफावत असू शकते.

सूचना नसतानाही माणसं पाचादहाच्या पटीतलंच वय सांगतात. भारतातल्या जुन्या जनगणनांत शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर आकड्यांचे ढीग दिसतात, ते यामुळेच. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवरची १ जून ही जन्मतारीखही याच जातीची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मुलाची नक्की तारीख घरी कुणाला सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जून टाकून द्यायचे. त्या तारखेवरून मूल कधी जन्मलं हे कळत नाही. जन्मतारीख कुणाच्या लक्षात नव्हती, हे मात्र पक्कं कळतं.

गैरसमज : पडद्यावर दिसतो तो मूळ कागद.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये आधी घरोघरी फॉर्म वाटले जात. कुटुंबप्रमुख तो भरी किंवा लिहिता येत नसेल तर प्रगणक भरून घेई. मग प्रगणक सगळे फॉर्म आपल्या वहीत उतरवून काढी. १८४१ ते १९०१पर्यंतचे बहुतेक सगळे घरगुती फॉर्म नष्ट केले गेले आणि उरल्या त्या या वह्या. म्हणजे आपण वाचतो ती नक्कल, आणि नक्कल करताना ओळ सुटते, वरच्या घराचं जन्मगाव खालच्या घराला लागतं. त्यावर पुन्हा बेरजा करणाऱ्या कारकुनांनी वयांवर आणि व्यवसायांवर रेघा मारल्या. त्या रेघेखाली १ आणि ४ सारखेच दिसतात. १९११पासून मात्र कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला फॉर्मच पाहायला मिळतो.

आणि आज संगणकावर नाव टाकून शोधतो ती तर नकलेवरून केलेली सूची. म्हणून सूचीतल्या नावावर थांबायचं नाही. पानाची प्रतिमा उघडायची, आणि एकच ओळ नव्हे तर पुढचीमागची दोनतीन पानं वाचायची. त्या प्रगणकाचं अक्षर एकदा डोळ्यांत बसलं की त्याचा ‘एस’ कुठला आणि ‘एल’ कुठला हे कळतं. इंग्रजीत पूर्वी दोन ‘एस’ जोडून येत तेव्हा पहिला लांबट लिहीत. त्यामुळे ‘रॉस’ हे आडनाव सूची करणाऱ्याला ‘रोप’ वाटू शकतं.

गैरसमज : आडनावाचं स्पेलिंग वेगळं म्हणजे माणूस वेगळा.

वस्तुस्थिती : स्पेलिंग ठरायचं ते प्रगणकाच्या कानावर. सांगणाऱ्याला वाचता येत नसेल, तर चूक दाखवणार कोण? सारख्या उच्चाराची नावं एकत्र सापडावीत म्हणून रॉबर्ट रसेल यांनी ‘साउंडेक्स’ ही पद्धत काढली आणि १९१८मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या सूच्या याच पद्धतीनं तयार झाल्या. आडनावानं माणूस सापडत नसेल तर आडनाव सोडून द्यावं. नवऱ्याचं, बायकोचं आणि मुलांचं पहिलं नाव, मुलांचा क्रम आणि जन्मगाव यांवरून शोधावं. एवढं सगळं जुळलं, तर स्पेलिंगच्या फरकाला फार किंमत देण्याचं कारण नाही.

गैरसमज : घरातली बायको म्हणजे घरातल्या मुलांची आई.

वस्तुस्थिती : नात्याच्या रकान्यात प्रत्येकाचं नातं लिहिलंय ते कुटुंबप्रमुखाशी. ‘मुलगा’ म्हणजे त्याचा मुलगा. शेजारच्या ओळीतली बायको दुसरेपणाची असू शकते. आईचं वय ३० आणि थोरल्याचं १७ दिसलं, तर वयात चूक शोधण्याआधी पहिल्या बायकोच्या मृत्यूची नोंद शोधावी. इंग्लंडच्या जुन्या कागदांत ‘डॉटर-इन-लॉ’ हा शब्द सावत्र मुलीसाठीही वापरलेला दिसतो, म्हणून आठ वर्षांची ‘सून’ पाहून दचकू नये. १८४१च्या जनगणनेत तर नात्याचा रकानाच नव्हता. एका छपराखालची मोठी बाई आणि मोठा पुरुष तिथे बहीणभाऊही असू शकतात.

गैरसमज : जन्मगाव काही बदलत नाही.

वस्तुस्थिती : गाव हलत नाही, पण सरहद्द हलते. पोलंडच्या दक्षिण भागातून अमेरिकेत गेलेल्या माणसाचं जन्मस्थान १९१०मध्ये ‘ऑस्ट्रिया’ आणि १९३०मध्ये ‘पोलंड’ असं सापडतं, आणि दोन्ही बरोबर असतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याच्या पणजोबांचं गाव हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथले निजामकाळातले महसुली कागद अनेकदा उर्दूत आहेत.

रकान्याचे पर्यायही बदलतात. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंशाचा एक प्रकार होता. कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी शिखांची आणि मुसलमानांचीही नोंद त्यात ‘हिंदू’ अशी झाली. त्यावरून कुणाच्या धर्मांतराची कथा रचू नये.

गैरसमज : नोंद नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता.

वस्तुस्थिती : आधी कागद उरलेत का ते पाहावं. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाले. १८६१ ते १८९१चे सरकारनंच नष्ट केले. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेला १९२१मध्ये आग लागली आणि सहा हजारांच्या आसपास माणसांच्या नोंदी तेवढ्या वाचल्या. इंग्लंडची १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत गेली.

मग तारखा पाहाव्यात. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ अमेरिकेत होत्या. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडमध्ये आणि नंतर १८८८पर्यंत अमेरिकेत. दोघींचाही तिकडचा मुक्काम १८८०-८१ आणि १८९०-९१ या जनगणनांच्या मधल्या काळातला. दोघी तिथे वर्षानुवर्षं राहिल्या, तरी जनगणनेत त्यांना शोधणं व्यर्थ आहे.

उलटही घडतं. २ एप्रिल १९११च्या रात्री इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या अनेक स्त्रियांनी जनगणनेवर बहिष्कार टाकला. एमिली डेव्हिसन संसदेच्या तळघरातल्या प्रार्थनामंदिरात एका कपाटात लपून बसल्या. त्या सापडल्या आणि त्यांची नोंद संसदेच्या पत्त्यावर झाली. ती त्यांच्या राहत्या घराच्या पत्त्यावरही झालीच होती. बहिष्कार घालणारी बाई दोनदा मोजली गेली.

गैरसमज : चूक सापडली की ती सुधारून वंशावळीत योग्य आकडा लिहावा.

वस्तुस्थिती : इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘जन्म १८४३’ असं लिहिलं की तो आकडा कुठून आला हे दोन पिढ्यांनी कुणालाच कळत नाही. त्याऐवजी ‘१९०१च्या नोंदीत वय ५८, १९११च्या नोंदीत ७२’ असं दोन्ही लिहून ठेवावं. मग वजन ठरवावं. घटनेच्या जितक्या जवळची नोंद, तितकी ती जड. आणि जिथे वय फुगवून फायदा होता, तिथली हलकी. अमेरिकेच्या १९४०च्या जनगणनेत माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली आहे, ती आधी पाहावी. इतर वर्षी माहिती शेजाऱ्यानंही दिलेली असू शकते.

हाच हिशेब आपल्या दप्तरांनाही लागू. कागदावरचा सन शालिवाहन शकाचा आहे की फसली, हे आधी ठरवावं. शकात ७८ आणि फसलीत साधारण ५९० मिळवल्याशिवाय इसवी सन येत नाही, आणि पणजोबा स्वतःच्या बापाआधी जन्मलेले दिसतात. ‘कोंडू बिन बाळू’ म्हणजे बाळूचा मुलगा कोंडू. तिथे आडनाव नसणं ही नोंदीतली त्रुटी नव्हे, लिहिण्याची रीत आहे. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं आणि मूळ कागदाची प्रत त्याच्याच शेजारी लावून ठेवावी.

एवढं करूनही काही कोडी सुटत नाहीत. तिथे दोन्ही नोंदी, दोन्ही तारखा आणि शंका अशा तिन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात. उद्या तिसरा कागद हाती लागलाच, तर तो ताडून पाहायला पहिले दोन जसेच्या तसे लागतील.